रेक्टर नव्हे, पोलीसही नव्हे!

'डिसिप्लिन कमिटी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एक लांब टेबल, पलीकडे चार सर, अलीकडे मान खाली घालून उभा असलेला एक विद्यार्थी, आणि "सॉरी सर, परत होणार नाही" हे हॉस्टेलच्या इतिहासातलं सर्वात जास्त वापरलेलं वाक्य. दंड भरला, माफीनामा लिहिला, विषय संपला. पण या कमिटीने काम कसं करावं याचा अभ्यास करता येतो, आणि परदेशात काही लोक फक्त याच कामाचा पगार घेतात, हे किती जणांना माहीत आहे? या वर्षी हॉस्टेल कमिटीत मुलींच्या बाजूने माझं नाव गेलं, म्हणून मी हा विषय वाचायला घेतला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शुद्धलेखनाच्या चुका एका मैत्रिणीने काढल्या आहेत, उरलेल्या गोड मानून घ्या.)

सुरुवात झाली ती मावसबहिणीमुळे. ताई अमेरिकेत एम.एस. करतेय. राहण्याजेवण्याचा खर्च वाचावा म्हणून ती तिथल्या हॉस्टेलमध्ये 'रेसिडेंट असिस्टंट' झाली. म्हणजे आपल्याकडच्या फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्हसारखं, पण रीतसर ट्रेनिंग देऊन. रात्री राउंड मारायचा, आवाज आला तर दार वाजवायचं. मी विचारलं, "मग दंड किती करतेस गं?" तर ती हसली. म्हणाली, "मी शिक्षा करतच नाही. मी फक्त लिहिते."

आणि काय लिहायचं, तेही शिकवतात. 'मुलं दारू प्यायलेली होती' असं लिहायचं नाही. 'टेबलावर बियरचे तीन रिकामे कॅन होते, खोलीत पाच जण होते, वेळ ११.४०' असं लिहायचं. जे दिसलं, ऐकू आलं, वास आला तेवढंच. निष्कर्ष काढणं हे तिचं काम नाही. थोडक्यात, जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन आणि रिझल्ट वेगळे लिहितात ना, तसंच. (आपण रिझल्ट आधी लिहून ऑब्झर्व्हेशन नंतर 'तयार' करतो, तो भाग सोडून द्या!)

हा रिपोर्ट पुढे जातो 'स्टुडंट कंडक्ट ऑफिस'कडे. तिथे बसलेला माणूस म्हणजे स्टुडंट कंडक्ट अॅडमिनिस्ट्रेटर. तो वॉर्डन नसतो, पोलीस नसतो, आणि साधारणपणे वकीलही नसतो. बऱ्याच जणांनी उच्च शिक्षणाचं व्यवस्थापन किंवा समुपदेशन अशा विषयात मास्टर्स केलेलं असतं. त्यांची स्वतःची संघटनासुद्धा आहे. ती १९८८ साली 'असोसिएशन फॉर स्टुडंट ज्युडिशियल अफेअर्स' या नावाने सुरू झाली आणि २००८ मध्ये तिने नाव बदलून 'असोसिएशन फॉर स्टुडंट कंडक्ट अॅडमिनिस्ट्रेशन' केलं. 'ज्युडिशियल' हा कोर्टाचा शब्द नावातून गेला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिथे विद्यार्थ्याला 'गिल्टी' म्हणायचंही टाळतात, 'रिस्पॉन्सिबल' म्हणतात. मला आधी ही नुसती शब्दांची सारवासारव वाटली. पण 'तू गुन्हेगार आहेस' आणि 'याची जबाबदारी तुझी आहे' ही दोन वाक्यं वीस वर्षांच्या मुलासमोर बोलून बघा. फरक कळतो.

या माणसाचा दिवस कसा जातो? दारूच्या केसेस भरपूर, कारण तिथे दारूचं वय २१ आहे आणि हॉस्टेलात राहणारी बरीच मुलं १८ ते २० ची. शिवाय गोंगाट, रूममेटची भांडणं, चोरी, मारामारी, आणि काही कॉलेजांत कॉपीची प्रकरणंसुद्धा. प्रत्येक केसमध्ये आधी विद्यार्थ्याला लेखी कळवायचं की तुझ्यावर अमुक तारखेच्या अमुक घटनेबद्दल अमुक कलमाचा आरोप आहे. मग त्याला भेटायला बोलवायचं आणि त्याचं ऐकायचं. मगच ठरवायचं. शिक्षा ताकीद देण्यापासून कॉलेजातून काढण्यापर्यंत काहीही असू शकते. मध्ये नुकसानभरपाई, समाजसेवा, हॉस्टेल बंद, असं बरंच काही. शेवटी अपील असतं: प्रक्रिया चुकली, नवा पुरावा मिळाला, किंवा शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी झाली, अशी कारणं देऊन.

हे सगळं कॉलेजांना एके दिवशी आपणहून सुचलं असेल असं वाटतं का? मुळीच नाही. यामागे हाकलून दिलेली मुलं आहेत.

२५ फेब्रुवारी १९६०. अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या सरकारी कॉलेजातली, म्हणजे अलाबामा स्टेट कॉलेजची, काही मुलं कोर्टाच्या इमारतीच्या तळघरातल्या उपाहारगृहात जाऊन बसली आणि खायला मागितलं. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी होती. त्यांना काही मिळालं नाही, उपाहारगृहच बंद केलं गेलं. गव्हर्नर जॉन पॅटरसन हेच राज्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. थोड्याच दिवसांत नऊ मुलांना कॉलेजातून काढलं, वीस जणांना प्रोबेशनवर टाकलं. आरोप काय, ते नीट सांगितलं नाही. तुमचं म्हणणं काय, ते विचारलंच नाही. पत्र हातात दिलं, झालं.

त्यातले सहा जण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. पण ४ ऑगस्ट १९६१ ला फेडरल अपील कोर्टाने 'डिक्सन विरुद्ध अलाबामा शिक्षण मंडळ' या खटल्यात निकाल फिरवला: सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढायचं असेल तर आधी नेमका आरोप कळवावा लागेल आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागेल. कोर्टाने हेही सांगितलं की यासाठी कॉलेजचं कोर्ट करायची गरज नाही. विरुद्ध बोलणाऱ्यांची नावं आणि ते काय म्हणाले हे विद्यार्थ्याला कळावं, त्याला स्वतःची बाजू मांडता यावी, निष्कर्षाचा अहवाल त्याला बघता यावा, एवढं पुरे. कंडक्ट ऑफिसचं आजचं काम याच पायावर उभं आहे. त्या नऊ जणांच्या रेकॉर्डवरचा डाग अलाबामाच्या शिक्षण खात्याने पुसला तो २०१८ साली. अठ्ठावन्न वर्षांनी! तेवढ्यात आपल्या चौदा बॅच पास होऊन जातात.

आपल्याकडे काय? आपल्याकडेही जवळजवळ त्याच सुमाराचा निकाल आहे. उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटच्या परीक्षेत तीन विद्यार्थ्यांवर गैरप्रकाराचा ठपका ठेवून, त्यांना काहीही न विचारता, बोर्डाने त्यांचा निकाल रद्द केला होता. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा निर्णय घेणाऱ्या समितीने विद्यार्थ्याचं ऐकून घेतलंच पाहिजे. म्हणजे 'हे सगळं अमेरिकेतले लाड' असं कोणी म्हणालं तर या निकालाकडे बोट दाखवा.

पण थांबा, गोष्ट इतकी सोपी नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजची केस वाचली आणि माझं मत थोडं हललं. १९७२ साली काही मुलगे रात्री मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात घुसले आणि विवस्त्र फिरले. मुलींनी तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले, आणि ओळख पटवण्यासाठी त्यांचे फोटो इतरांच्या फोटोंत मिसळून दाखवले. मुलांना आरोप कळवला, त्यांची बाजू ऐकली, आणि मग चौघांना दोन सत्रांसाठी काढलं. मुलं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली: साक्षीदार आमच्यासमोर आणले नाहीत, उलटतपासणी झाली नाही, म्हणून अन्याय झाला. १९७३ मध्ये कोर्टाने त्यांचं ऐकलं नाही. नैसर्गिक न्यायाचे नियम परिस्थितीनुसार वाकतात. त्या मुलींना समोर उभं केलं असतं तर कोणीच बोललं नसतं, आणि पुढे त्यांना त्रास झाला असता तो वेगळा.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहणारी मुलगी म्हणून मला हा निकाल शंभर टक्के पटतो. पण आरोप झालेल्याच्या खुर्चीत माझा भाऊ असता तर? तरीही पटला असता, असं मी म्हणेन, पण एका अटीवर: आरोप काय आहे हे त्याला कळायला हवं आणि बोलायची संधी मिळायला हवी. रांचीत ती मिळाली होती.

रॅगिंगच्या बाबतीत तर आपल्या राज्याने मुदतच घालून दिली आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही. 'मजा केली सर' म्हणणाऱ्या सीनियर्सनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता सर्वात नाजूक विषय. घरी फोन.

अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, त्याला 'फर्पा' म्हणतात. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली की तिच्या रेकॉर्डवरचा हक्क आईवडिलांकडून तिच्याकडे जातो. कॉलेज तिच्या परवानगीशिवाय घरी काही सांगू शकत नाही. अपवाद आहेत: ती करासाठी पालकांवर अवलंबून असेल तर सांगता येतं, २१ च्या आतली असेल आणि दारू-ड्रग्जचा नियम मोडला असेल तर सांगता येतं, जिवाला धोका असेल तर सांगता येतं. पण सरसकट नाही.

माझी शाळेतली एक मैत्रीण दुसऱ्या शहरात इंजिनियरिंगला होती. हॉस्टेलचा इन-टाइम साडेनऊचा. एका रविवारी ती सव्वाअकराला पोचली. तिचं नाव लेट रजिस्टरला गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसमधून घरी फोन गेला, "तुमची मुलगी रात्री उशिरापर्यंत बाहेर असते." ट्रेन दोन तास लेट होती. तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. ते कोणी मागितलंच नाही. तिच्या घरचं वातावरण तुम्ही ओळखलं असेलच. ते सेमिस्टर संपल्यावर ती परत गेली नाही. आता ती गावातच बी.एस्सी. करतेय. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे कौतुक म्हणून नाही, हिशोब म्हणून सांगतेय.

इथे तिला शिक्षा नेमकी कोणी केली? कॉलेजने तर फक्त फोन केला. दंडसुद्धा पन्नासच रुपये होता!

म्हणून मी आपल्या रेक्टर मॅडमना अर्ध्या पानाचा एक नमुना लिहून दिला. घटना काय, तारीख-वेळ, कोणता नियम, कोणी पाहिलं, विद्यार्थिनीचं म्हणणं (तिच्याच अक्षरात), आणि त्यानंतर निर्णय. घरी फोन करायचा तर तो 'म्हणणं' भरल्यानंतरच. मॅडमनी शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री साडेअकरा वाजले, मुलगी आली नाही, मोबाइल बंद. तर मी तुझा फॉर्म भरायची वाट बघत बसू का?"

प्रश्न रास्त होता. मॅडमना रात्रभर झोप लागत नाही ती आम्हाला कुठे दिसते? मी म्हटलं, नाही मॅडम, तेव्हा लगेच फोन करा. तो शोधायचा फोन. ती सुखरूप परत आल्यावर सकाळी जातो तो तक्रारीचा फोन. हे दोन फोन वेगळे आहेत. मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पट्टी घेतली आणि लेट रजिस्टरमध्ये 'शेरा'च्या आधी एक उभी रेघ मारली. त्या नव्या रकान्याचं नाव सध्या 'कारण (स्वतः लिहावे)' असं आहे. सोमवारपासून सुरू. लेट येणाऱ्या मैत्रिणींनी कृपया बसचं किंवा ट्रेनचं तिकीट फेकू नये.