लॅबचा कचरा: गाडीच्या बिलापलीकडचा खर्च

नागपूरच्या सक्करदऱ्यात पॅथॉलॉजी लॅब टाकणारा माणूस जागेचं भाडं, मशीनचा हप्ता, टेक्निशियनचा पगार असं सगळं मांडतो. कचऱ्यासमोर मात्र एकच आकडा लिहितो, तो म्हणजे कचरागाडीचे महिन्याचे पैसे. हिशेब चुकतो तो इथेच.

नागपूरचा जैववैद्यकीय कचरा भांडेवाडीच्या सामाईक केंद्रात जातो. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असलं की स्वतःची भट्टी लावता येत नाही, म्हणून तो खर्च वाचला. पण २०१६च्या नियमांप्रमाणे रक्ताचे नमुने आणि कल्चर प्लेट लॅबमध्येच निर्जंतुक करून मग गाडीत द्यायच्या असतात. ‘ते नेतातच ना, मग आपण कशाला?’ हे चालत नाही.

त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. साधा, उभा, लहान लॅबला पुरेल असा साधारण दहा-वीस हजारांत मिळतो. १२१ अंश, १५ पौंड दाब आणि ६० मिनिटं. घड्याळ दाब चढल्यावर लावायचं, बटण दाबल्यावर नाही. दोन किलोवॉटची कॉइल, तापण्याचा वेळ धरून दीड तास, म्हणजे फार तर तीन युनिट. दुकानाच्या दराने तीस-चाळीस रुपये. यात काटकसर करू नका. हायपोत, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात, भिजवलेलं काही मात्र त्यात टाकू नका, क्लोरीनचा वायू सुटतो.

हायपो स्वस्त आहे, पण टिकत नाही, त्यात नागपूरचा मे महिना! ५ टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी घातलं की १ टक्का होतं. रोज ताजं करा.

पिशव्यांचे रंग टेबलाशीच पाळायचे: कापूस पिवळीत, प्लास्टिकच्या नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या स्लाइड निळ्यात. जेवणाचा डबा गुंडाळलेला कागद पिवळीत पडला की तोही घातक कचराच ठरतो. बिल वजनावर असेल तर त्याचेही पैसे पडतात. म्हणून करार करताना दर एकरकमी की किलोवर, पिशव्या आणि बारकोड त्यात धरलेत का आणि दिवाळीत गाडी येते का, हे लेखी घ्या. कचरा ४८ तासांहून जास्त ठेवायचा नसतो.

कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीचे तीन डोस मालकाच्या खर्चाने.

नियम मोडणाऱ्या रुग्णालयाला किंवा लॅबला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने किमान १,२०० रुपये रोज भरपाई लागते, म्हणजे महिन्याला ३६,०००. एवढ्यात ऑटोक्लेव्ह येऊन वर पैसे उरतात. पर्यावरण कायद्याखालचा दंड वेगळा, पंधरा लाखांपर्यंत.

खाटा नसलेल्या लॅबला राज्य मंडळाची परवानगी एकदाच काढावी लागते. वार्षिक अहवाल मात्र दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा. आणि वापरलेल्या सिरिंज विकत मागणारा भंगारवाला दारात आला, तर त्याला तिथूनच परत पाठवा.