गाय आटवण्याविषयी

चि. बाळूस,


गाय सात महिन्यांची गाभण आहे, तरी दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर देते. कर्जाचा हप्ता चालू असताना तिला आटवायची कशाला, असं तू विचारलंस. हप्त्याची काळजी मला कळते. तरीही आटव, आणि याच आठवड्यात आटव.

गाय साधारण 280 दिवस गाभण असते. शेवटच्या 60 दिवसांत कासेतल्या झिजलेल्या पेशी जाऊन नव्या तयार होतात, पोटातल्या वासराची निम्म्याहून जास्त वाढही तेव्हाच होते. त्या दिवसांत धार काढत राहिलास तर पुढचं सगळं वेत दूध कमी मिळेल. डेअरीत 3.5 फॅटसाठी जीव टाकणारे लोक या दोन महिन्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी कासेला दगडीची सूज नाही ना, याची डॉक्टरांकडून तपासणी करून घे. मग पेंड बंद करून वाळला चारा दे. पाणी मात्र तोडू नकोस. ती जुनी रीत मला कधीच पटली नाही. आठ लिटरवरची गाय एकदम बंद केली तरी चालते. शेवटची धार पूर्ण काढ, सड स्पिरिटने पुसून चारही सडांत औषधाची ट्यूब सोडून घे. तीन-चार दिवस कास ताठ दिसेल. दया येऊन धार काढू नकोस, काढलीस की कास पुन्हा दूध करायला लागते. ताप आला किंवा कास लाल-गरम झाली, तर मात्र लगेच डॉक्टर.

शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढव, पण मेथी घास आणि कॅल्शियम बंद ठेव. तुला हे उलटं वाटेल. व्याल्याबरोबर चिकातून आणि दुधातून भराभर कॅल्शियम जातं, ते गाईला स्वतःच्या हाडांतून काढता आलं पाहिजे. वरून आयतं मिळत राहिलं तर ती सवय लागत नाही. मग ताजी व्यालेली गाय कान गार पडून खाली बसते. तोच दुग्धज्वर. व्याल्यावर कॅल्शियम जरूर दे.

आणि वासरू! आईची रोगप्रतिकारशक्ती त्याला पोटात मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते; आणि दिवसभरात त्याच्या आतड्याची ती शोषण्याची ताकद संपते. वार पडेपर्यंत थांब, असं गावात चौघं सांगतील. ऐकू नकोस. तासाभरात चीक पाज; 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर तरी गेला पाहिजे. खरवस त्याचं पोट भरल्यावर, हे वहिनींनाही सांग.

हे दोन महिने हप्ता मी भरते. परत द्यायची घाई नको, गाय व्याल्यावर बघू. आटवायच्या दिवशी फोन कर.

तुझी,
आत्या