जुन्या झेनला टर्बो बसेल का?

प्रश्न : माझ्याकडे 2003 सालची मारुती झेन आहे. चौघे बसले की पसरणी घाटात गाडी दम टाकते. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून डिझेल स्विफ्टचा टर्बो आणून बसवला, तर ताकद दीडपट होईल. मला गाडीकामाची आवड आहे, अनुभव मात्र नाही. हे स्वतः जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, म्हणून त्याचा नीट विचार करू.

टर्बो सायलेन्सरकडे जाणारा धूर परत इंजिनात घालतो, असे अनेकांना वाटते. तसे नसते. टर्बोत एका दांड्यावर दोन चाके असतात आणि दोन्हींची घरे वेगळी असतात. एक चाक जळालेल्या वायूच्या जोराने फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरते. साधारण 14.7 किलो हवेमागे एक किलो पेट्रोल नीट जळते. त्यामुळे हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते.

घाटात दम लागण्याचे एक कारणही इथेच आहे. पसरणी घाट चढून पुढे लागणारे महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे आणि तिथली हवा जवळपास आठव्या हिश्शाने विरळ असते. टर्बोची सुरुवातीची मोठी परीक्षा याच अडचणीवर झाली. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर नेऊन टर्बो लावून चालवले. विरळ हवेत गेलेली ताकद टर्बो परत मिळवून देतो, हे तिथे दिसले.

आता ‘दीडपट’ या शब्दाकडे येऊ. टर्बोने हवेचा दाब दीडपट केला, तर हवाही दीडपट जाईल असा हिशेब सगळे करतात. पण दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक चटका देते ते यामुळेच. 30 अंशांची हवा दीडपट दाबाला साधारण 80 अंशांवर जाते, आणि गरम हवा फुगते. म्हणून प्रत्यक्षात हवा सव्वापटीच्या थोडीच वर भरते. ती थंड करायला इंटरकूलर लावला, तरच आकडा 1.4 च्या आसपास पोहोचतो.

गरम हवेचा खरा धोका याहून मोठा आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबले जातात आणि ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पुढे सरकते. मिश्रण फार तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेला भाग एकदम पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात. बिनटर्बोच्या इंजिनाचे पिस्टन हा मार सोसायला केलेले नसतात. रिंगच्या खाचांमधली कड तुटते, हेड गॅस्केट उडते, कधी पिस्टनला भोकही पडते.

‘मग डिझेल गाड्यांना टर्बो कसा चालतो?’ हा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि तो रास्त आहे. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन अखेरच्या क्षणी फवारले जाते. वेळेआधी पेटायला आत काही नसतेच. त्यामुळे डिझेलचा अनुभव पेट्रोलला लावता येत नाही. मापाबद्दल मात्र तुमच्या मेकॅनिकचा अंदाज फारसा चुकीचा नाही. 1.3 लिटरचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जितकी हवा ओढते, तितकीच तुमचे 993 सीसीचे इंजिन जास्त फेऱ्यांत ओढते. अडचण उष्णतेची आहे. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच गरम असतो. त्या उष्णतेसाठी न बनवलेले टर्बाइन पूर्ण जोरावर फार काळ टिकत नाही.

यापुढचे काम नवशिक्याला दिसत नाही, आणि बहुतेक इंजिने तिथेच जातात. हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. अनेक जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांतला सेन्सर बाहेरच्या हवेइतकाच दाब मोजू शकतो. टर्बोने दाब त्याच्या वर नेला, तरी गाडीच्या कॉम्प्युटरला (ईसीयूला) तो कळत नाही. तो नेहमीइतकेच पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि नॉकिंग सुरू होते. म्हणून मोठे इंजेक्टर, जास्त दाब मोजणारा सेन्सर, नवा ईसीयू आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चढवून ट्यूनिंग करणारा जाणकार माणूस, हे सगळे लागते. या यादीत टर्बो ही सहसा स्वस्तातली वस्तू ठरते.

शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे मारतो, आणि तेही ऑईलच्या पातळ थरावर. त्याला इंजिनातून दाबाखालचे ऑईल हवे. ते वापरून झालेले ऑईल स्वतःच्या वजनाने खाली यावे म्हणून बहुधा ऑईल चेंबरला भोक पाडून नळी जोडावी लागते. क्लच प्लेट, रेडिएटर आणि ब्रेक यांच्यावरही भार वाढतो.

कायदाही या बदलाच्या आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला, तर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. ऑनलाइन मिळणारे 12 व्होल्टचे ‘इलेक्ट्रिक टर्बो’ पंखेही घेऊ नका. एवढ्याशा मोटरीतून इंजिनात दाब तयार होत नाही.

कारखान्याने हेच काम कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. तुमच्या झेनची ताकद सुमारे 60 अश्वशक्ती. त्याच कंपनीने 2017 मध्ये आणलेल्या बलेनो आरएसचे 998 सीसीचे टर्बो इंजिन 100 च्या आसपास देत होते. पण ते इंजिन मुळातच टर्बोसाठी आखलेले होते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्यामुळे आतली हवा थंड राही आणि नॉकिंग टळे. ती ताकद नुसत्या टर्बोमुळे आलेली नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत : या झेनला टर्बो बसवू नका. आवड जपायची असेल, तर बाजारातून एखादा निकामी टर्बो आणा आणि टेबलावर सुटा करून पाहा. दांडा, बेअरिंग, ऑईलच्या वाटा हाताने तपासल्या की पुष्कळ उलगडेल. गाडीसाठी एअर फिल्टर, प्लग, पेट्रोलचा दाब, सरकणारा क्लच आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासून घ्या. सगळ्यात आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी, करा. तिला वेळ फारसा लागत नाही. चार सिलिंडरच्या आकड्यांत मोठा फरक निघाला, तर घाटातल्या तक्रारीचे मुख्य कारण तेच असण्याची शक्यता आहे, आणि पैसे आधी तिथे खर्च करा.