मुलाखतीची पूर्वतयारी : आरंभ अर्जापासून

लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत यश मिळून मुलाखतीचे पत्र हाती पडले की आपल्याकडील बहुसंख्य उमेदवार दोन गोष्टींच्या मागे लागतात. एक म्हणजे कोट आणि दुसरी म्हणजे इंग्रजी. शेकडो उमेदवारांत आपण उठून कसे दिसू, ही त्यांची विवंचना स्वाभाविक आहे. परंतु उठून दिसण्याचा संबंध या दोन गोष्टींशी फारच थोडा आहे. ज्या कागदाशी तो खरोखर आहे, तो उमेदवाराने स्वतःच्या हाताने कित्येक आठवडे आधी भरून दिलेला असतो.

प्रथम मुलाखतीचे प्रत्यक्ष वजन किती, ते पाहू. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० व मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा परीक्षेसाठी २०२५ पासून हीच विभागणी स्वीकारली आहे. म्हणजे मुलाखतीचा वाटा सुमारे साडेतेरा टक्के होतो. हा वाटा अमर्याद असू नये, याविषयी न्यायालयानेही विचार केलेला आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते, आणि ती मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटे चाले. १९८१ मध्ये अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवेश परीक्षेत मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरविले. साडेतेरा टक्के हा आकडा लहान दिसतो खरा. पण गुणवत्ता यादीत एकेका गुणावर माणसे पुढे-मागे होतात, हे विसरता येत नाही.

संघ लोकसेवा आयोगाच्या मंडळात आयोगाचे एक सदस्य अध्यक्षस्थानी असतात व त्यांच्यासोबत इतर तज्ज्ञ असतात. उमेदवाराचे लेखी परीक्षेतील गुण त्यांच्यापुढे नसतात. पुढे असतो तो त्याच्या सविस्तर अर्जाचा गोषवारा : जन्मगाव, शिक्षण, पालकांचा व्यवसाय, पूर्वीची नोकरी, छंद, सेवांचा पसंतीक्रम. सुमारे अर्ध्या तासाच्या संभाषणाची वीण बहुधा याच धाग्यांनी घातली जाते. असे असूनही छंदाच्या रकान्यात शेकडा नव्वद जण ‘वाचन’ असा शब्द टाकून मोकळे होतात, आणि शेवटचे पुस्तक कोणते वाचले असे विचारताच गडबडतात. (नव्वद हा आकडा आमचा, आयोगाचा नव्हे.)

याहून गंभीर चूक लपविण्याची आहे. समजा, बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील एक पदवीधर मुलगी मुलाखतीस निघाली आहे. आईवडील ऊसतोड मजूर. अर्जात ती ‘शेती’ एवढेच लिहिते. कारण फडावरचे आयुष्य सांगण्यात कमीपणा आहे, असे तिला वाटते. मंडळ शेतीवर प्रश्न विचारते आणि ती पाठ्यपुस्तकातील उत्तरे देते. ही उत्तरे चुकीची नसतात, पण तिच्या आधी आलेल्या चौघांनी तीच दिलेली असतात.

आता हीच मुलगी खरे ते लिहिते असे मानू. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ का म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल मजुरीतून कशी फिटते किंवा फिटत नाही, उसाचे वाढे विकून घरखर्चाला कसा हातभार लागतो, दिवाळीनंतर गाव ओस पडले की शाळेच्या पटाचे काय होते, हे तिला कोणी शिकविण्याची गरज नाही. अध्यक्षांनी ‘तुम्ही गटविकास अधिकारी झालात तर या लोकांसाठी काय कराल?’ असे विचारले, तर ‘मी त्यांची सेवा करीन’ हे उत्तर तिच्या तोंडी येणारच नाही. ती सांगेल की, स्थलांतर सुरू होण्यापूर्वीच मुलांची गावनिहाय यादी करून ज्यांना आजीआजोबांजवळ ठेवता येईल त्यांची वसतिगृहात वा गावातच सोय लावावी लागेल. उरलेल्यांसाठी कारखाना परिसरात साखरशाळा वेळेवर उघडली तरच उपयोग, कारण जानेवारीत उघडलेल्या शाळेला अर्धा हंगाम निघून गेलेला असतो. शिधापत्रिकेवरील धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यातही उचलता येते आणि गावी राहिलेल्यांना त्यांचा वाटा गावीच मिळू शकतो, पण ही गोष्ट फडावर कोणी सांगितलेली नसते. असे उत्तर मंडळ विसरत नाही. शासकीय पदावर बसणाऱ्या व्यक्तीकडून जी समज अपेक्षित असते, ती येथे घोषणेच्या नव्हे तर व्यवहाराच्या भाषेत प्रकट झालेली असते.

मात्र एक धोका आहे. दारिद्र्याचे भांडवल करू लागलेला उमेदवार मंडळाच्या तत्काळ लक्षात येतो. विचारले तेवढेच सांगावे, आणि हकिकतीवरून प्रश्नाच्या उत्तराकडे यावे.

ज्यांचे जीवन इतके खडतर नाही, त्यांनाही आपला जिल्हा आहेच. सांगलीच्या उमेदवाराला हळदीच्या बाजाराबरोबरच हेही ठाऊक असावे की, रोजगार हमीच्या कल्पनेचा आरंभीचा प्रयोग वि. स. पागे यांनी त्याच्याच जिल्ह्यातील तासगाव भागात केला, १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेची कसोटी लागली आणि राज्याचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

‘मला माहीत नाही’ हे उत्तर कमीपणाचे समजू नये. वस्तुस्थितीच्या प्रश्नाला ते शांतपणे द्यावे. अंदाज बांधायचा असल्यास तशी परवानगी मागावी. मताच्या प्रश्नाला मात्र ते चालत नाही. धरण व्हावे की विस्थापितांचे ऐकावे, अशा प्रश्नावर दोन्ही बाजू मांडून शेवटी स्वतःचा कौल द्यावा लागतो, आणि सदस्याने विरोध केला तर कारण पटल्याशिवाय तो बदलू नये.

भाषेविषयी एवढेच, की मुलाखत मराठीतून देण्याची मुभा दोन्ही आयोगांकडे आहे. दिल्लीत दुभाषी असतो. त्यामुळे वाक्ये आटोपशीर ठेवण्याचा सराव हवा. पोशाख स्वच्छ व अंगाला सवयीचा असावा. उसना कोट खांद्यावर सैल बसतो आणि लक्ष तिकडेच राहते.

केंद्र शासनाच्या गट ब अराजपत्रित, तसेच गट क पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत नाही. म्हणून जाहिरात नीट वाचल्यावाचून तिच्या तयारीत वेळ दवडू नये.

सरावासाठी आपल्या अर्जाची प्रत गावातील शिक्षक, ग्रामसेवक, एखादे निवृत्त तलाठी अशा तिघाचौघांच्या हाती द्यावी व त्यांना मनास येईल ते विचारू द्यावे. आपण कोठे अडखळतो, हे दुसऱ्याच दिवशी समजते. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी विचारलेले सर्व प्रश्न क्रमाने वहीत उतरवून ठेवावेत. निवड झाली तर ती वही धाकट्या भावंडांना उपयोगी पडेल. न झाली तर पुढच्या वर्षी आपल्यालाच.