जुन्या एमजीबीचे सस्पेन्शन: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. माझ्याकडे 1972 ची एमजीबी स्पोर्ट्स कार आहे. सस्पेन्शन घरीच सुधारायचे आहे. आधी कडक स्प्रिंग घेऊ का?

उत्तर : नको. आधी पुढच्या खालच्या विशबोनचे रबरी बुश बदला. ते झिजले असतील, तर महागड्या स्प्रिंगचाही उपयोग होणार नाही. एमजीबी व्ही-8 चे धातूच्या नळीचे बुश यात बसतात आणि रस्त्यावरच्या गाडीला मला तेच सर्वांत योग्य वाटतात. मात्र त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुढच्या डॅम्परची भुजा हीच वरची विशबोन असते. त्यामुळे नुसते टेलिस्कोपिक शॉक बसवले म्हणून ते डॅम्पर काढून टाकता येत नाहीत. त्यातून तेल गळत नाही ना, हे मात्र पाहा.

बुश बदलताना स्प्रिंग उतरवावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते. गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा, स्प्रिंगखालची थाळी जॅकच्या आधाराने सावकाश उतरवा. काम झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या. स्प्रिंगचा विचार त्यानंतर करा.