मर्सिडीजचा तारा आणि आपल्या धंद्याचा हिशोब

या भागाच्या व्हिडिओत वेळेअभावी बरंच राहून गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मधे थोडी आकडेमोड आहे.

आजचा विषय मर्सिडीज-बेंझ. तुम्ही म्हणाल, सर, आम्ही वाशिम, रिसोड, मानोऱ्याकडची माणसं. इथे बोलेरो पिकअपचा हप्ता जड जातो आणि तुम्ही मर्सिडीज काय घेऊन बसलात? पण समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जायला लागल्यापासून अशा गाड्या शेलुबाजार, कारंजाजवळून रोज पळताना दिसतात. आणि धंद्याचे दोन सीझन चांगले गेले की पोरांच्या डोक्यात हा तारा चमकायला लागतो, हे मी पाहतो. म्हणून आज दोन गोष्टी करू. आधी हा ब्रँड उभा कसा राहिला ते बघू, मग ज्यांनी ही गाडी घेतली त्यांना काय अनुभव आला ते.

सुरुवात जर्मनीतल्या मानहाइम गावापासून. कार्ल बेंझ नावाचा इंजिनिअर. हाताला कसब, पण व्यवहाराला कच्चा. त्याचा कारखाना बुडायला आला तेव्हा होणाऱ्या बायकोनं, बेर्थानं, लग्नाआधीच आपला माहेरचा पैसा काढून त्यात घातला. १८८६ च्या जानेवारीत बेंझनं तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. गाडी तयार, पण गिऱ्हाईक नाही. लोक बघायचे, हसायचे, निघून जायचे. बेंझ आपला रोज सुधारणा करत बसलेला, गाडी बाहेर काढायला तयारच नाही.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था एका पहाटे दोन पोरांना घेऊन नवऱ्याला न सांगता ती गाडी काढून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल पंप नव्हते, म्हणून वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिननं साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी ढकललं. घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी अजून एक गिअर पाहिजे. आता बघा, या एका प्रवासात जाहिरात झाली, माल रस्त्यावर तपासला गेला आणि सुधारणेची यादी हातात आली. आपल्याकडे कितीतरी घरात पापड, लोणचं, मसाला उत्तम बनतो आणि 'अजून थोडं चांगलं होऊ दे' म्हणून डब्यातच राहतो. तुमच्या घरातली बेर्था कोण आहे ते शोधा. बहुतेक वेळा ती तुमच्या शेजारीच बसलेली असते.

आता 'मर्सिडीज' हे नाव कुठून आलं? ते कुठल्या इंजिनिअरचं नाही. बेंझचा प्रतिस्पर्धी गॉटलिब डाइमलर. त्याच्या कंपनीच्या गाड्या एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्सच्या नीस शहरातल्या श्रीमंतांना विकायचा. माणूस भयंकर तक्रारखोर. गाडी हळू आहे, उंच आहे, वळणावर उलटते, असं कंपनीला सतत कळवायचा. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या शर्यतीत कंपनीच्या चालकाचा अपघातात मृत्यू झाला. कंपनी शर्यतीतून अंग काढून घ्यायला निघाली, तेव्हा येलिनेक म्हणाला की शर्यत सोडू नका, गाडी बदला. लांब करा, रुंद करा, जमिनीलगत आणा. आणि नुसतं बोलून थांबला नाही, एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख सोन्याच्या मार्कांची. अट एक, गाडीला माझ्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज.

विल्हेल्म मायबाखनं ती गाडी बनवली आणि १९०१ मध्ये नीसच्या शर्यतीत तिनं सगळ्यांना मागे टाकलं. पुढच्या वर्षी नाव रजिस्टर झालं. १९०९ मध्ये तीन टोकांचा तारा आला. डाइमलरची इंजिनं जमीन, पाणी आणि हवा तिन्हीकडे चालावीत, असा त्याचा अर्थ. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एकत्र झाल्या. गंमत म्हणजे येलिनेकनं पुढे स्वतःच्या आडनावातच मर्सिडीज जोडून घेतलं.

जरा थांबा इथे. नुसती तक्रार करणारं गिऱ्हाईक वेगळं, आणि तक्रारीसोबत ऑर्डर देणारं वेगळं. पहिल्याचं हसून ऐका, दुसऱ्याचं वहीत लिहा.

आता भारतात येऊ. हा तारा आपल्याकडे आधी ट्रकवर आला. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. समोर तारा, नाव टाटा-मर्सिडीज-बेंझ. १९६९ मध्ये करार संपला, तोवर टेल्को स्वतः ट्रक बनवायला शिकलेली होती. करार संपल्यावर आपल्या हातात काय उरणार, हा प्रश्न कुठल्याही एजन्सी किंवा फ्रँचायझीवर सही करण्याआधी विचारायचा असतो. टेल्कोच्या हातात आख्खा ट्रकचा धंदा उरला.

मोटारगाडी आली ती १९९४ नंतर. कंपनीचं ठाणं पुणं. टेल्कोच्याच आवारात, पिंपरीला, १९९५ मध्ये ई-क्लास गाड्या बनायला लागल्या. किंमत वीस लाखांच्या वर, त्या काळातले वीस लाख. पण इथे कंपनीनं एक हिशोब चुकवला. जी गाडी भारतात नवी म्हणून विकायला काढली, तिची पुढची आवृत्ती युरोपात त्याच वर्षी येत होती. कंपनीला वाटलं असावं की भारतीय गिऱ्हाइकाला कुठे कळतंय. पण वीस लाख देणारा माणूस चौकशी करून येतो. विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. आजही वाशिमच्या पाटणी चौकात 'नवीन माल' म्हणून मागच्या सीझनचं विकणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखतंच की!

नंतर टाटा त्यातून बाहेर पडले, २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना सुरू झाला. आणि त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं भारतात मर्सिडीजला मागे टाकलं. मग काही वर्षांनी ऑडी वर गेली. पहिला नंबर परत मिळवायला २०१५ उजाडलं. त्या एका वर्षात कंपनीनं पंधरा गाड्या बाजारात आणल्या आणि १३,५०२ विकल्या. २०२४ मध्ये हा आकडा १९,५६५ वर गेला.

आणि आता आपल्या भागाजवळची गोष्ट. ऑक्टोबर २०१०, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी गट करून एकाच सौद्यात सुमारे १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. भागून बघा, गाडीमागे सरासरी त्रेचाळीस लाख. त्या वर्षी कंपनीची आख्ख्या देशातली विक्री सहा हजारांच्या आत होती. मग एका शहरातून १५० ची ऑर्डर आली तर कंपनी धावत येणारच. स्टेट बँकेनं कर्ज दिलं ते ७ टक्क्यांच्या आसपास व्याजानं. आमच्या शहरात पैसा आहे, उद्योग आहे, आमच्याकडे लक्ष द्या, असं त्यांना जगाला दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. देशभर बातम्या झाल्या.

पण नाण्याची दुसरी बाजू पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच मांडली. मर्सिडीजला ७ टक्के, आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्क्यांच्या वर. ज्या यंत्रातून पैसा निघतो त्याला महाग पैसा, ज्यातून निघत नाही त्याला स्वस्त. याचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण उद्योजक म्हणून आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे. तो दर बँकेनं आपणहून काढून दिलेला नव्हता. १५० जण एकत्र बसले, कर्ज बुडणार नाही याचे कागद एकत्र ठेवले आणि घासाघीस केली. आपल्या जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बचत गट आहेत. वीस जणांनी मिळून वीस पिठाच्या गिरण्या किंवा वीस ड्रायर घ्यायला कोटेशन मागितलंय का कधी? प्रत्येक जण एकटा दुकानात जातो आणि छापील किंमत देऊन येतो.

आता मालकांचे अनुभव. इथे चित्र खरंच मिश्र आहे.

जुन्या मर्सिडीजबद्दल लोक देवासारखं बोलतात. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं आपली १९७६ सालची २४० डी गाडी ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. गाडी हळू होती, आत फार काही नव्हतं, पण थांबत नव्हती. मग नव्वदच्या दशकात खर्च वाचवायची हवा आली. त्या काळच्या काही गाड्यांत वायरिंगवरचं आवरण आपोआप भुगा व्हायला लागलं. नंतरच्या ई-क्लासला गंज लागला. २००५ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक दोषांपायी जगभरातून सुमारे १३ लाख गाड्या परत तपासायला बोलावल्या. शंभर वर्षांत कमावलेला विश्वास दहा वर्षांत हलला. यात आपल्यासाठी बारीक गोष्ट अशी, की गिऱ्हाइकाला न दिसणारी बचत आधी पॅकिंगमध्ये, मग कच्च्या मालात शिरते. बिल मात्र काही वर्षांनी येतं.

आजचे भारतातले मालक काय सांगतात? हायवेवर गाडी जमिनीला चिकटून चालते, नागपूरला जाऊन आलं तरी पाठ दुखत नाही, सुरक्षा उत्तम, आणि दारात उभी राहिली की समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं बघतो. हे सगळं खरं आहे. आणि तेच मालक हेही सांगतात की सर्व्हिसचं बिल बघून घाम फुटतो, एखादा पार्ट बाहेरून यायचा तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, कमी उंचीच्या टायरला खड्डा सोसत नाही, कित्येक मॉडेलमध्ये स्टेपनीच नसते. समृद्धीवर राणी असलेली गाडी खाली उतरून मानोऱ्याच्या आतल्या रस्त्याला लागली की मालकाचा जीव टायरमध्ये.

सगळ्यात जास्त फसतात ते जुनी गाडी घेणारे. पाच-सात वर्षांची मर्सिडीज नव्या क्रेटाच्या भावात मिळते, मग वाटतं सौदा जिंकला. पण लक्षात ठेवा, गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी तेरा लाखांत मिळाली, तरी तिचा सस्पेन्शन पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो.

चला, हिशोब. समजा जुनी गाडी १३ लाखांना. ३ लाख खिशातून, १० लाख कर्ज, १२ टक्के, ५ वर्षं. हप्ता सुमारे २२,२५०. विमा, सर्व्हिस, टायर मिळून महिन्याला १०,००० बाजूला ठेवा, हे मी कमीच धरलंय. झाले ३२,०००, डिझेल वेगळं. आता तेच खिशातले ३ लाख हळद पावडरच्या धंद्यात लावा. सीझनला हिंगोली-वसमतच्या बाजारातून माल घेतला, दळला, विकला. वर्षात पैसा चार वेळा फिरला आणि दर फेरीला खर्च जाऊन १० टक्के सुटले असं धरलं, तर वर्षाला १,२०,००० येतात. एकीकडे महिन्याला ३२,००० जातात, दुसरीकडे १०,००० येतात. फरक ४२,००० चा, दर महिन्याला.

'सर, गाडी धंद्याच्या नावावर घेतो, टॅक्स वाचतो', हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. नीट समजून घ्या. मोटारगाडीवर घसारा १५ टक्के मिळतो. १३ लाखांवर पहिल्या वर्षी १,९५,०००. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्यातून ५८,५०० चा कर वाचतो, आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. घरच्या वापराचा भाग वजा होतो तो वेगळाच. ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याचा काय टॅक्स वाचणार? आणि स्वतःच्या वापराच्या मोटारीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोवर ते मिळतं, तुमचा माल जीएसटीच्या कक्षेत असेल तर. म्हणजे कायदाही टेम्पोच्या बाजूनं आहे.

मी गाडीच्या विरोधात नाही. बांधकामात, जमिनीच्या व्यवहारात, मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्यांना गाडीचा खरंच उपयोग होतो. समोरचा पार्टी गाडी बघून दर ठरवतो अशा लायनीत तुम्ही असाल, तर तो मार्केटिंगचा खर्च समजा आणि तसाच मोजा. गाडीमुळे किती सौदे जास्त झाले ते लिहून ठेवा. मात्र दुकानदाराला हळदीचं पाकीट देताना तो पाकिटाचं सील बघतो, बाहेर उभ्या गाडीकडे नाही.

या आठवड्याचं काम. एक, तुमच्या पाच गिऱ्हाइकांना फोन करून विचारा की मालात काय खटकतं, आणि त्यातलं कोण 'हे बदललं तर मी दुप्पट घेईन' म्हणतं त्याचं नाव वेगळ्या रंगानं लिहा. दोन, जी गाडी किंवा मशीन घ्यायची मनात आहे तिचा वर दिलाय तसा महिन्याचा आकडा काढा, हप्ता आणि देखभाल वेगवेगळी. तीन, तेच मशीन हवं असलेले आणखी चार जण तालुक्यात शोधा आणि पाच नगांचं कोटेशन एकत्र मागवा. एका नगाचं आणि पाच नगांचं, दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून पुढच्या भागाला बसा, तिथे आपण घासाघीस कशी करायची तेच घेणार आहोत.