बांधावरचे पहारेकरी

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव खारघरच्या परिसरात वसले आहे. कोकणच्या या पट्ट्याचे मुख्य पीक भात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला. पुढे या भागातील पुष्कळ भातखाचरांच्या जागी रस्ते व इमारती आल्या. म्हणून पनवेल तालुक्यात जी खाचरे उरली, त्यांतील पीक राखणे अधिकच अगत्याचे झाले आहे. या कामी शेतकऱ्याला काही मुके मदतनीस लाभतात.

भाताचा एक मोठा शत्रू म्हणजे खोडकिडा. त्याची पिवळसर मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते व तो केसांनी झाकून टाकते. अंड्यांतून निघालेली अळी खोडात शिरून गाभा पोखरते. रोप कोवळे असेल, तर त्याचा मधला पोंगा सुकतो. लोंबी येण्याच्या सुमारास अळी शिरली, तर लोंबी पांढरी पडते व तिच्यात दाणा भरत नाही. अशा पोकळ लोंबीला पळींज म्हणतात. दुसरा शत्रू तपकिरी तुडतुडा. तो बुंध्याशी राहून रस शोषतो. तुडतुडे फार वाढले, म्हणजे उभे पीक करपल्यासारखे दिसते.

परंतु या शत्रूंनाही शत्रू आहेत. शिकारी कोळी जाळे न विणता बुंध्यांमधून धावतो आणि तुडतुडे पकडतो. चतुर व बेडूक उडते किडे टिपतात. ट्रायकोग्रामा नावाचा कीटक टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतो. पण तो आपली अंडी खोडकिड्याच्या अंड्यांतच घालतो. मग त्यांतून अळीऐवजी नवे ट्रायकोग्रामाच बाहेर पडतात!

या मित्रांना निवारा व अन्न हवे. खाचर रिकामे असते, तेव्हा कोळी बांधावरील गवताचा आश्रय घेतात. ट्रायकोग्रामाला फुलांतील मध लागतो. चीन, थायलंड व व्हिएतनाम येथे बांधांवर फुलझाडे लावून प्रयोग करण्यात आले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे कीटकनाशकांच्या फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या, आणि उत्पन्न मात्र ५ टक्क्यांनी वाढले.

याउलट, विचार न करता फवारलेले विष मित्रांनाही मारते. इंडोनेशियात असेच झाले. फवारणीने कोळी मेले. तुडतुड्यांची अंडी मात्र रोपाच्या आत सुरक्षित राहिली. त्यांतून निघालेल्या तुडतुड्यांना आवरणारे कोणी उरले नाही. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली.

शेतकऱ्याच्या हाती साधे उपायही आहेत. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडले, तर खोडकिड्याची अंडी नष्ट होतात. नत्रखत बेताने दिल्यास रोपे फार लुसलुशीत होत नाहीत व किडीला आमंत्रण मिळत नाही. कापणीनंतर नांगरट करून धसकटे वेचली, तर त्यांत दडलेल्या अळ्याही मरतात.

मात्र हे काम एकट्याने साधत नाही. एकाने धसकटे तशीच ठेवली, तर त्यांतून निघालेले पतंग शेजाऱ्याच्या खाचरात जातात. किडीला बांध अडवीत नाही. म्हणून बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी एकमताने वागावे, हेच खरे पीकरक्षण होय.